सिडनी २००८: एका शिवीचा खटला

भारताचा हरभजन सिंग ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला सिडनी कसोटीत ‘मंकी’ म्हणाला की नाही, यावर जानेवारी २००८ मध्ये दोनदा सुनावणी झाली. पहिल्या वेळी तो म्हणाला असं ठरलं, दुसऱ्या वेळी ते सिद्ध होत नाही असं ठरलं. आपल्याकडे दुसऱ्या निकालानंतर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय संपवला. मला मात्र हे प्रकरण पुन्हा उघडून बघावंसं वाटतं. कोण खोटं बोललं हे शोधून काढायचं म्हणून नव्हे. मैदानावर ‘इथपर्यंत चालतं, यापुढे नाही’ ही रेघ दोन्ही संघांनी वेगवेगळ्या जागी मारलेली होती, आणि ती रेघ कोणी, कधी, कशामुळे मारली हे या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

सुरुवात सिडनीपासून नव्हे, ऑक्टोबर २००७ पासून करावी लागते. ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकून भारतीय संघ नुकताच परतला होता आणि ऑस्ट्रेलिया सात एकदिवसीय सामन्यांसाठी आपल्याकडे आली होती. मालिका त्यांनी ४-२ अशी जिंकली, सायमंड्स मालिकावीर ठरला. नागपूरला त्याने नाबाद १०७ धावा काढल्या. पण त्याआधी, ११ ऑक्टोबरला बडोद्यात, प्रेक्षकांतून त्याच्या दिशेने माकडाचे आवाज काढले गेले. हे माकडाचे आवाज नव्हतेच, देवाचा जयघोष होता, अशी सारवासारवही झाली. मग १७ तारखेला मुंबईत वानखेडेवर तेच घडलं. या वेळी माकडाचे हावभाव करणारे प्रेक्षक छायाचित्रांत स्पष्ट दिसले आणि पोलिसांनी चौघांना पकडलं.

मुंबईचं पब्लिक दर्दी, चांगल्या खेळाला दाद देणारं, असं आपण अभिमानाने सांगत असतो. म्हणून वानखेडेवरचा प्रकार मला बडोद्यापेक्षा जास्त लागतो. बडोद्यात एखाद्याला खरोखरच कल्पना नसेल की या आवाजाचा अर्थ काय होतो. आपल्याकडे आई पोराला लाडाने ‘माकडा’ म्हणते, गावोगावी मारुतीचं देऊळ असतं, हे सगळं खरं. पण बडोदा आणि मुंबई यांच्यामध्ये सहा दिवस गेले होते, सगळ्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या होत्या. वानखेडेवर जे झालं ते नकळत झालेलं नव्हतं. ज्यांनी केलं त्यांना नेमकं ठाऊक होतं की हे बोट कुठल्या जखमेवर ठेवायचं.

ती जखम जुनी आहे. काळा माणूस हा माणूस आणि माकड यांच्या मधली पायरी आहे, असं युरोपात विज्ञानाच्या नावाखाली कित्येक पिढ्या शिकवलं गेलं, आणि गुलामगिरीपासून वसाहतींपर्यंत सगळ्याचं समर्थन त्यावर उभं केलं गेलं. इंग्लंडच्या फुटबॉल मैदानांवर काळ्या खेळाडूंच्या अंगावर केळी फेकली जात. १९८८ साली लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सने पायाशी पडलेलं केळं टाचेने बाहेर टोलवलं, ते छायाचित्र आजही छापलं जातं. सायमंड्सचा जन्म त्याच इंग्लंडमधला, १९७५ सालचा, बर्मिंगहॅमचा. जन्मदात्यांपैकी एक जण आफ्रो-कॅरिबियन वंशाचा. तान्हेपणी त्याला दत्तक घेतलं गेलं आणि तो क्वीन्सलँडमध्ये वाढला. ऑस्ट्रेलियाच्या त्या वेळच्या कसोटी संघात त्याच्यासारखा दिसणारा तो एकटाच होता.

मुंबईच्या सामन्यात हरभजनही आपल्याला तेच म्हणाला, त्यावर आपण त्याच्याशी समोरासमोर बोललो आणि हे पुन्हा होणार नाही असं ठरलं, असं सायमंड्सचं म्हणणं होतं. हरभजनने आरोप कायम नाकारला. सिडनीत काय घडलं ते समजून घेताना हे पाठीमागचं ओझं लक्षात ठेवायला हवं.

आता ४ जानेवारी २००८, सिडनी कसोटीचा तिसरा दिवस. सचिन शतकाच्या पलीकडे गेलेला, समोर हरभजन. आठव्या विकेटसाठी दोघांनी १२९ धावा जोडल्या आणि भारत ऑस्ट्रेलियाच्या पुढे निघून गेला. सचिन नाबाद १५४, हरभजन ६३. ब्रेट ली गोलंदाजी करत होता. एक धाव घेताना जाता जाता हरभजनने बॅटने लीच्या पार्श्वभागावर हलकेच थोपटलं, ‘छान टाकलास’ या अर्थाने. लीने ते मनावर घेतलं नाही. सायमंड्सने घेतलं. कसोटी सामना ही प्रतिस्पर्ध्याशी दोस्ती करण्याची जागा नव्हे, असं त्याचं मत होतं, आणि तो हरभजनला शिव्या देत सुटला. हरभजन उलटला. सचिन पुढे होऊन दोघांना आवरू लागला. ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेडन हरभजनला ‘हा वांशिक अपमान आहे’ अशा अर्थाचं सुनावतो, ते स्टंपच्या माइकवर आलं. ज्या वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं, ते वाक्य मात्र माइकवर आलं नाही. कर्णधार रिकी पाँटिंगने पंचांकडे तक्रार केली.

त्या कसोटीबद्दल बाकी थोडक्यात. पंचांच्या चुका इतक्या झाल्या की सामना त्याच नावाने ओळखला जातो. सायमंड्स स्वतः पहिल्या डावात ३० वर असताना यष्टीमागे झेलबाद होता, पंचांनी दिला नाही, तो १६२ वर नाबाद राहिला. शेवटच्या दिवशी काही मिनिटं उरली असताना मायकल क्लार्कने पाच चेंडूंत तीन बळी घेतले आणि भारत १२२ धावांनी हरला. फक्त एकच संघ खिलाडूवृत्तीने खेळला, असं भारताचा कर्णधार अनिल कुंबळे पत्रकारांसमोर शांतपणे म्हणाला. हे सांगायचं कारण असं की हरभजनची सुनावणी त्याच रात्री झाली. अन्याय झाल्याची भावना आधीच शिगेला पोचली होती, आणि तिच्यात शिवीचा मूळ प्रश्न बुडून गेला.

सामनाधिकारी होते दक्षिण आफ्रिकेचे माइक प्रॉक्टर. मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांनी निर्णय दिला. हरभजन तो शब्द बोलला आणि सायमंड्सच्या वंशावरून त्याला दुखवण्यासाठीच बोलला, याबद्दल आपल्याला कसलीही वाजवी शंका नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आयसीसीच्या आचारसंहितेतलं कलम ३.३, म्हणजे वंश, धर्म, वर्ण किंवा राष्ट्रीयत्वावरून अपमान. शिक्षा तीन कसोटींची बंदी. पुरावा म्हणजे एका बाजूच्या खेळाडूंचा शब्द विरुद्ध दुसऱ्या बाजूच्या खेळाडूंचा शब्द. सचिनसारख्याची साक्ष बाजूला पडते आणि ध्वनिमुद्रण नसतानाही ‘वाजवी शंका नाही’ म्हटलं जातं, हे आपल्याला सहन होणं शक्यच नव्हतं. गोऱ्या सामनाधिकाऱ्याने गोऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला का, असा थेट सवाल सुनील गावसकरांनी आपल्या स्तंभात विचारला, तेही आयसीसीच्या क्रिकेट समितीच्या अध्यक्षपदी असताना. शरद पवार तेव्हा बीसीसीआयचे अध्यक्ष होते. हा प्रश्न प्रत्येक भारतीयाच्या सन्मानाचा आहे अशी भूमिका मंडळाने घेतली. संघ सिडनीतच थांबून राहिला आणि दौरा अर्धवट सोडण्याची भाषा सुरू झाली.

मंडळाचा युक्तिवाद असाही होता की वर्णद्वेषाविरुद्ध लढण्याचा भारताचा इतिहास आहे. इतिहास आहेच, आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत तो अभिमान वाटावा असाच आहे. पण त्या इतिहासामुळे आजच्या भारतीय खेळाडूच्या किंवा वानखेडेवरच्या प्रेक्षकाच्या तोंडून तसा शब्द निघूच शकत नाही, असं कसं म्हणता येईल? ज्या देशात लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हवी असते, तिथे तर नाहीच.

ऑस्ट्रेलियाची रेघ

ऑस्ट्रेलियन खेळाडू एवढे का खवळले हे तेव्हा आपल्याला ढोंग वाटलं. वर्षानुवर्षं समोरच्याला शिव्या घालून जेरीस आणणारा संघ, ज्याच्या माजी कर्णधार स्टीव्ह वॉने त्याला ‘मेंटल डिसइंटिग्रेशन’, म्हणजे मानसिक खच्चीकरण, असं भारदस्त नाव दिलं, तो एका शब्दासाठी पंचांकडे धावतो? ढोंगाचा भाग होता. पण सगळं ढोंग नव्हतं, आणि हे समजायला क्रिकेटच्या बाहेर बघावं लागतं.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये मूलनिवासी खेळाडूंना रंगावरून शिव्या देणं हा कित्येक दशकं खेळाचाच भाग मानला जाई. एप्रिल १९९३ मध्ये मेलबर्नच्या व्हिक्टोरिया पार्कवर दिवसभर असल्या शिव्या ऐकल्यावर निकी विनमारने सामना संपताच आपली जर्सी वर केली आणि पोटाच्या कातडीकडे बोट दाखवत उभा राहिला. दोन वर्षांनी मायकल लाँग या खेळाडूने मैदानावरच्या शिवीविरुद्ध उघड तक्रार केली, मागे हटला नाही, आणि १९९५ मध्ये त्या लीगने वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम केला. जानेवारी २००३ मध्ये ब्रिस्बेनला श्रीलंकेविरुद्ध बाद होऊन परतलेला डॅरन लेहमन ड्रेसिंग रूममध्ये रंगावरून गलिच्छ शिवी ओरडला आणि पाच एकदिवसीय सामन्यांना मुकला. म्हणजे २००८ च्या ऑस्ट्रेलियन ड्रेसिंग रूममध्ये हा धडा ताजा होता. त्यांच्याच एका सहकाऱ्याने त्याची किंमत मोजलेली होती. वंशावर जायचं नाही, एवढं त्यांना पक्कं शिकवलं गेलं होतं.

बाकी कशावर जायचं नाही, हे मात्र शिकवलं गेलं नव्हतं. मे २००३ मध्ये अँटिग्वाला ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅकग्राने वेस्ट इंडीजच्या रामनरेश सरवानला एक अश्लील प्रश्न विचारला. सरवानने मॅकग्राच्या बायकोचं नाव घेऊन उलट उत्तर दिलं, आणि मॅकग्रा भर मैदानात त्याच्या अंगावर धावून गेला. त्याची बायको तेव्हा कर्करोगाशी झुंजत होती, सरवानला ते माहीत नव्हतं. मॅकग्राचा संताप मला समजतो. पण सुरुवात कोणी केली होती? रेघ अशीच असते. स्वतःला लागलं की ती दिसते, दुसऱ्याला लागतं तेव्हा तो खेळाचा भाग असतो.

सिडनी कसोटीतच याचा उलटा नमुनाही आहे. ब्रॅड हॉगने कुंबळे आणि धोनीला ‘बास्टर्ड्स’ म्हटल्याची तक्रार भारताने केली. ऑस्ट्रेलियात हा शब्द मित्रालाही म्हणतात. १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेत कोणीतरी शिवी दिल्याची तक्रार घेऊन इंग्लंडचा कर्णधार जार्डिन त्यांच्या ड्रेसिंग रूमपाशी गेला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या व्हिक रिचर्डसनने आपल्या खेळाडूंना विचारलं, ‘तुमच्यापैकी कोण बास्टर्ड या बास्टर्डला बास्टर्ड म्हणाला?’ असा किस्सा ते अजून हसून सांगतात. आपल्या कानाला मात्र तो आईच्या चारित्र्यावर घातलेला घाव असतो. कुंबळेने पुढे ती तक्रार मागे घेतली, प्रकरण सुनावणीआधीच मिटलं. ‘आमच्याकडे या शब्दाचा तसा अर्थ होत नाही’ ही हॉगची बाजू आपण ऐकून घेतली. तीच सबब ‘मंकी’साठी पुढे करणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना ऑस्ट्रेलियाने ती ऐकून घ्यावी असं वाटत होतं. दोन्हीकडे मूळ प्रश्न तोच, की अर्थ बोलणाऱ्याचा धरायचा की ऐकणाऱ्याचा. कलम ३.३ चं उत्तर ऐकणाऱ्याच्या बाजूचं होतं, कारण ते अपमान कोणत्या आधारावर झाला हे विचारतं, बोलणाऱ्याच्या गावाकडे तो शब्द कसा वापरतात हे विचारत नाही. मला ते बरोबर वाटतं.

ॲडलेडचा निकाल

अपिलाची सुनावणी २९ जानेवारीला ॲडलेडच्या न्यायालयात न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे झाली. हरभजनची बाजू मांडली नागपूरचे ज्येष्ठ वकील, महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता व्ही. आर. मनोहर यांनी. तोपर्यंत भारताने पर्थची कसोटी ७२ धावांनी जिंकली होती, ॲडलेडची अनिर्णित राहिली होती आणि मालिका संपली होती.

या वेळी सचिनची साक्ष निर्णायक ठरली. आपण ‘मंकी’ ऐकलं नाही, पण हरभजन रागाच्या भरात ‘तेरी माँ की’ म्हणाला ते ऐकलं, असं त्याने सांगितलं. हॅन्सननी ध्वनिचित्रफीत बघितली आणि सचिन ऐकू येईल इतक्या अंतरावर होता हे मान्य केलं. ही शिवी भरभर म्हटली की इंग्रजी कानाला ‘मंकी’ऐकू येऊ शकते, ही शक्यता त्यांना फेटाळता आली नाही. आरोप इतका गंभीर की शंकेला जागा असेल तर तो टिकणार नाही. कलम ३.३ गेलं. त्याच्या जागी कलम २.८ आलं, अश्लील किंवा अपमानास्पद भाषा. शिक्षा म्हणजे सामन्याच्या मानधनाच्या निम्म्या रकमेचा दंड. बाचाबाची सायमंड्सने सुरू केली हे हॅन्सननी नोंदवलं आणि लीला थोपटण्याच्या साध्या कृतीला हरकत घेण्याबद्दल त्याला चार शब्दही सुनावले. हरभजनचे आधीचे गुन्हे आयसीसीच्या चुकीमुळे पूर्णपणे आपल्यासमोर आलेच नव्हते, आले असते तर शिक्षेचा वेगळा विचार केला असता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

कायद्याच्या बाजूने मला हा निकाल योग्यच वाटतो. जो पुरावा होता त्यावर एखाद्यावर वर्णद्वेषाचा शिक्का मारणं चूक ठरलं असतं. पण बचाव कशावर उभा होता ते पुन्हा वाचा. आमचा खेळाडू वंशावरून बोलला नाही, तो आईवरून बोलला. आणि नियमांच्या दृष्टीने ते एक पायरी खालचं ठरलं. तीन कसोटींच्या बंदीऐवजी निम्मं मानधन. देशभर आनंद झाला आणि त्या आनंदात कोणालाच हे खटकलं नाही. संहितेत वंशाच्या शिवीला वेगळं स्थान मिळालं, कारण ज्यांना ती शिवी बसत होती ते मैदानावर उभे होते, जर्सी वर करून उभे होते, तक्रारी करत होते, आणि मागे हटले नाहीत म्हणून नियम बदलले. आईवरची शिवी जिला लागते ती मैदानावर नसते. तिच्या वतीने तक्रार करणारं कोणी नसतं. बापये आपसांत ती देतात, घेतात आणि संध्याकाळी हात मिळवतात.

आपण आणखी एक गफलत केली. ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ आपण ‘काही झालंच नाही’ असा लावला. सिडनीतलं वाक्य सिद्ध झालं नसेल, पण वानखेडेवरचे हावभाव छायाचित्रांत होते. त्याबद्दल सायमंड्सची मुंबईने, मुंबईच्या प्रेक्षकांनी मनापासून माफी मागितली, असं काही घडलं नाही. हरभजन सुटला तसे आपण सगळेच सुटलो.

सायमंड्स मात्र सुटला नाही. आपल्याच मंडळाने भारताच्या पैशापुढे मान तुकवली आणि आपण सहकाऱ्यांना या चिखलात ओढलं, ही भावना त्याला खात राहिली. दारू वाढली. जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्वेंटी-२० विश्वचषकाआधी त्याला शिस्तभंगासाठी घरी पाठवलं आणि आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. २०११ च्या आयपीएलमध्ये हे दोघे मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते. त्या काळात हरभजनने आपल्याजवळ रडून माफी मागितली, असं सायमंड्सने २०१८ मध्ये सांगितलं. असं काही घडलं नाही, असं हरभजनने लगेच जाहीर केलं. मे २०२२ मध्ये टाउन्सव्हिलजवळ मोटार अपघातात सायमंड्स गेला. वय ४६.

पुढच्या वर्षांत रेघ सरकली, हे नक्की. जानेवारी २०१९ मध्ये डर्बनला पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमद दक्षिण आफ्रिकेच्या फेहलुक्वायोला उद्देशून ‘अबे काले’ म्हणाला. तेही उर्दूत, ज्याला म्हटलं त्याला न कळणाऱ्या भाषेत. पण या वेळी स्टंपच्या माइकने पकडलं आणि आयसीसीच्या स्वतंत्र वर्णद्वेषविरोधी संहितेखाली त्याला चार सामन्यांची बंदी झाली. २०२० मध्ये वेस्ट इंडीजच्या डॅरन सॅमीने सांगितलं की सनरायझर्स हैदराबादमध्ये आपल्याला ‘कालू’ म्हणत, आणि अर्थ आता कळला. आपल्याकडे प्रत्येक चाळीत, प्रत्येक वर्गात एक ‘काळ्या’ असतो, म्हणून अनेकांना ही तक्रार ओढूनताणून वाटली. त्या ‘काळ्या’ला तो शब्द कसा वाटतो हे किती जणांनी कधी विचारलं असेल? त्याच वर्षी युवराज सिंगने गप्पांच्या ओघात युजवेंद्र चहलबद्दल जातिवाचक शब्द वापरला, माफी मागितली, तरी हरियाणात ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. हसत हसत म्हटलेला जातिवाचक शब्दही कायद्यापर्यंत जातो, हे भारतीय क्रिकेटला नवीन होतं.

आणि जानेवारी २०२१ मध्ये, पुन्हा सिडनीतच, मोहम्मद सिराजला सीमारेषेवर प्रेक्षकांनी वंशावरून शिव्या दिल्या. कर्णधार अजिंक्य रहाणे सिराजला घेऊन पंचांकडे गेला, खेळ थांबला. हवं तर मैदान सोडा, असा पर्याय पंचांनी दिला. आम्ही खेळायला आलोय, त्यांना बाहेर काढा, अशी रहाणेची भूमिका होती. सहा जणांना बाहेर काढलं गेलं. पुढे क्रिकेट ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत निष्पन्न झालं की ते सहा जण दोषी नव्हते, पण वर्णद्वेषी शिवीगाळ मात्र झाली होती. मंडळाने ते मान्य केलं आणि माफी मागितली. दोषी सापडला नाही तरी ज्याला लागलं त्याचं म्हणणं खरं मानता येतं, हे इथे प्रत्यक्ष घडलं. वानखेडेच्या बाबतीत आपल्याला ते जमलं नव्हतं.

ॲडलेडमध्ये जी शिवी खालच्या पायरीवर गेली ती मात्र अजून तिथेच आहे. विराट कोहलीच्या ओठांवर बहिणीवरची शिवी वाचून आपण वर्षानुवर्षं ‘तो बेन स्टोक्स म्हणतोय’ असा विनोद करतो, तो इतका चालला की खुद्द स्टोक्सनेच त्यावर वैतागून ट्वीट केलं. स्टंपच्या माइकवर अशी शिवी आली की समालोचक हसून दुसरा विषय काढतात. त्याच प्रक्षेपणासमोर बारा-तेरा वर्षांची मुलं बसलेली असतात, आणि आता त्यांच्यात क्रिकेट खेळणाऱ्या मुलीही कितीतरी असतात.